न पाहिलेला तिसरा अंक

जबलपूर, डिसेंबर १९७१

ती. आईला श्रीरंगचा नमस्कार.

लढाईचं काही भेव नाही इथं. संध्याकाळी दिवे झाकतात, इतकंच. जेवण वेळेवर होतं. बाबांचा खोकला कसा आहे?

रविवारी फॅक्टरीतल्या मराठी मंडळींचं नाटक होतं. परीक्षण रात्रीच्या गाडीनं नागपूरच्या पेपरला जायचं, म्हणून नेहमीसारखा दुसऱ्या अंकानंतरच उठलो. तिसऱ्या अंकाची तारीफ स्टेशनावर बसून लिहिली. 'रोषणाई झकास' असंही लिहिलं.

तिकडे तिसऱ्या अंकात हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला, दिवे घालवले. ओव्हरटाइम करून आलेले नाटकातले गायक नट मुरलीधरराव अंधारात, पेटीशिवाय गायले म्हणे. एक माणूस जागचा उठला नाही. आमच्या अधारताल वस्तीत अजून तेच बोलून राहिले सगळे.

त्या परीक्षणाचं पेपरातलं कात्रण जपून ठेवू नको, आई. असं गाणं ऐकून लिहावं म्हणूनच तर मी नोकरी सोडली होती.

तुझाच,
श्रीरंग