प्रार्थना समजून जपलेलं वाक्य

आई,

तुम्हा दोघांच्या कबरीवर आपल्या रीतीने खडा ठेवते, तसं हे पत्र काही ठेवणार नाही. नुसतं लिहितेय. ब्यूनोस आयर्समधल्या आपल्या बटणांच्या दुकानामागे मी यिडिशचं मंडळ सुरू केलंय. हो, तुम्ही दोघांनी आम्हाला कधी न शिकवलेल्या आपल्या ज्यू भाषेचं. काल पहिली बैठक झाली. सगळे सत्तरी ओलांडलेले. चहाच्या वाफेत खोली तरंगत असल्यासारखी वाटत होती. मी म्हटलं, ‘ज्याला जे आठवतंय ते एक वाक्य म्हणा.’

कुणाला शिवी आठवली, कुणाला अंगाई. मी तुझी प्रार्थना म्हटली. बाबा पोलंडमधल्या, युद्धात पुसून गेलेल्या गावाचं बोलू लागले की त्यांच्या हातावर हात ठेवून तू हळूच म्हणायचीस ती, ‘निश्त फार दी किंदर.’ आजही दिवा मालवताना मी तीच म्हणते.

सगळे खो खो हसले. ‘अगं पेर्ला,’ नव्वदीचे झाल्मनकाका डोळे पुसत म्हणाले, ‘त्याचा अर्थ, मुलांसमोर नको.’

‘आमच्याकडेही हेच म्हणायचे,’ बर्टा म्हणाली. मग कुणीच हसेना.

आई, आता इथे मूल कुणी उरलेलं नाही. बाबांना बोलू दे.

तुझीच,
पेर्ला