गच्चीवरचा तेजोमेघ

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, इस्पितळाच्या एक्स-रे विभागातून निवृत्त, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवते. शुद्धीबद्दल शंका असलेल्या धाकट्या दिरांनी सोबतचा डॉक्टरांचा दाखला आधी वाचावा.

१. राहते घर मुलगा व मुलगी यांना समसमान, गच्ची वगळून. मुलगा म्हणाला होता, "आई, गच्चीवरच्या त्या पत्र्याच्या वेधशाळेच्या जागी दोन खोल्या निघतील." सूनबाईने विचारले, "आणि दुर्बीण ठेवायची कुठे, तुझ्या डोक्यावर?" तिथेच माझा निर्णय झाला. गच्ची, वेधशाळा, दुर्बीण व कॅमेरा सूनबाईचे. तिच्या हयातीत तिथे एक वीटही चढू नये.

२. खगोल मंडळाच्या सचिवांना मी काढलेल्या आकाशाच्या फोटोची मोठी प्रत, चौकटीसह. सगळ्यांच्या ओळखीच्या एका तेजोमेघाशेजारची, ताऱ्यांमधल्या त्या चमकत्या वायूच्या ढगाशेजारची, अंधूक तांबडी कमान मी पहिल्यांदा दाखवली, तेव्हा भर सभेत ते म्हणाले, "बाई, काच पुसा. धूळ आहे ती." एकतीस वर्षे काळ्या फिल्मवरची केसाएवढी चीर मी डॉक्टरांना शोधून दिली आहे. वाद घातला नाही. कॅमेरा काटकोनात फिरवून पुन्हा फोटो घेतले. धूळ असती तर कॅमेऱ्याबरोबर फिरली असती. कमान आकाशात होती तिथेच राहिली. मग तीन हिवाळे, चौऱ्याण्णव तासांच्या फोटोंमधला प्रकाश मी एकावर एक रचून एकच फोटो केला. परदेशातल्या दोन निरीक्षकांनीही ती टिपली आणि शोधाची नोंद माझ्या नावावर झाली. प्रत पाहुण्यांना दिसेल अशी लावावी. काच मीच पुसून दिली आहे.

३. वेधशाळेचे सरकते छत यजमानांनी स्वतः वेल्डिंग करून बनवले. फोटो पुरा झाला तेव्हा त्यांची दृष्टी गेली होती. मी त्यांच्या तळहातावर बोटाने कमान काढून दाखवली.

"एवढीच?"

"एवढीच. पण आपल्याआधी कुणी पाहिली नव्हती."

"मग माझं छत कामी आलं म्हणायचं," असे म्हणून त्यांनी मूठ मिटली ती जेवायला बसेपर्यंत उघडली नाही. त्यांची हत्यारे मुलीला. हात तिचाच स्थिर आहे.

४. शेजारच्या शिंपीकाकांनी तिन्ही हिवाळे अंगणातला दिवा बंद ठेवला, अंधारात गुडघा फोडून घेतला तरी. त्यांना माझी आरामखुर्ची. देणगी घेणाऱ्याला साक्षीदार होता येत नाही, हे ऐकून ते रुसले आहेत. त्यांची समजूत काढावी.

५. धाकटे दीर वेधशाळेला कबुतरखाना म्हणत. त्यांना तिथे यायला मनाई नाही. फक्त आत पाच मिनिटे गप्प बसावे.

६. मी जाईन त्या रात्री आकाश निरभ्र असेल, तर सूनबाईने छत उघडून काम सुरू करावे. रडायला ढगाळ रात्री पुष्कळ मिळतील.

सही : (स्वहस्ते)
साक्षीदार : १. घरचे डॉक्टर २. निवृत्त ग्रंथपालबाई
स्थळ : राहते घर, गच्ची
दिनांक : ९ जानेवारी