निर्माल्याच्या न विरलेल्या पिशव्या

प्रति,
मा. अध्यक्ष श्री. सौमित्र देवस्थळी,
मैत्रबन मराठी मंडळ, सांता क्लारा

विषय : माझ्या वाफ्यात पुरलेल्या पिशव्या आपण स्वतः उकरून नेणेबाबत.
संदर्भ : गणपतीनंतर आपण फोनवर दिलेला शब्द.

महोदय,

उपरोक्त विषयी कळविते की, कम्युनिटी गार्डनमधला माझा वाफा मी मंडळाला निर्माल्य पुरण्यासाठी दिला, तो फुलांपुरता. पिशव्यांसकट नव्हे. निर्माल्य कचऱ्यात टाकवत नाही आणि इथल्या तळ्यात सोडता येत नाही, हे मलाही कळतं. परंतु सांडलेल्या फुलांवर पाय पडेल या धास्तीने आपल्या स्वयंसेवकांनी एकही पिशवी रिकामी केली नाही. गाठी मारून तशाच पुरल्या आणि वरची माती बसवायला बुटांनी नाचले. तेव्हा पाय लागला नाही वाटतं!

मी जाब विचारला असता आपण "काकू, चिल, बायोडिग्रेडेबल आहेत" असं सांगून फोन कट केलात. महोदय, मी जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं आहे. पिशवीची ही फिल्म कंपोस्टच्या कारखान्यातल्या उष्णतेत विरते. वाफ्यातल्या थंड मातीत जंतूंचं काम रेंगाळतं. परवा उकरून पाहिलं, तर आत झेंडूचा काळा चिखल आणि पिशवी मात्र धडधाकट. ज्या वर उघड्या पडल्या, त्या उन्हाने पापडासारख्या ठिसूळ होऊन त्यांचा चुरा माझ्या मेथीत गेला. चुरा होणं म्हणजे मातीत मिसळणं नव्हे, हे बारावीची पोरंही सांगतील.

आता बागेच्या व्यवस्थापिकेने लेखी बजावलं आहे की, महिनाअखेरपर्यंत प्लास्टिक न काढल्यास वाफा काढून घेण्यात येईल. घर मुलाचं, गाडी सुनेची. या देशात माझं म्हणावं असं तेवढंच आहे. आणि आपली समिती म्हणते, पुरलेलं निर्माल्य उकरणं अशुभ! धन्य आहे.

सबब, येत्या रविवारी आपण जातीने फावडं आणि पिठाची चाळणी घेऊन यावं. ज्याने पुरलं, त्यानेच उकरावं. न आल्यास सोमवारी माणूस लावून त्या सगळ्या पिशव्या मी आपल्या अंगणातल्या गुलाबांखाली पुरून घेईन. आपल्याच म्हणण्याप्रमाणे त्या विरणार आहेत, त्यामुळे आपली हरकत नसावी.

आपली (या खेपेला 'नम्र' वगळलं आहे),
सुलभा दिगंबर टेंबे
१२ मे २०२५

सोबत : आपली एक पिशवी, धुऊन. मंडळाने तिच्यावर हौसेने छापून घेतलेलं 'मी मातीत मिसळते' अजून चष्म्याशिवाय वाचता येतं.