पूचा बँड आणि परत आलेल्या प्लेटा

ब्रिस्बेन,
ऑक्टोबर १९७७

तीर्थस्वरूप आयव्हीताईस धाकट्या नोरीनचा मनापासून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? सेसभाऊजींची भुईमुगाची पेरणी यंदा तरी वेळेवर होईल ना? आम्ही सगळे खुशाल आहोत. घरात इतकी शांतता आहे की फ्रिजची घरघर ऐकू येते. पत्राला तसं खास कारण नाही. आमच्या वॉरनचा बँड बंद पडला, तेवढी आनंदाची बातमी कळवावी म्हटलं.

बँड होता हेच तुला ठाऊक नसेल. (नवरोबा क्लॅरीने बजावलं होतं की ही गोष्ट नातेवाइकांत जाता कामा नये. रेल्वेच्या कचेरीत बसणाऱ्या माणसाला अब्रू फार असते.) बँडचं नाव ‘फुटके नळ’. वॉरन गिटार वाजवायचा आणि त्याने स्वतःचं नाव ‘पू’ ठेवलं होतं. जखमेत होतो तोच. बारशाला मी आजोबांचं नाव ठेवलं, तेही पाद्रीबाबांच्या साक्षीने, आणि अठराव्या वर्षी पोरगा पू झाला. ढोल बडवायला शेजारचा मर्विन आणि गायला खाटकाची लोरेन, तिने नाव घेतलं ‘कत्तल’. गायला म्हणजे ओरडायला. पण पोरगी गुणी, ओरडून झालं की वर येऊन ‘काकू, कपडे वाळलेत, आत आणू का?’ म्हणून विचारायची. तालीम आमच्या खांबांवर उभ्या घराखाली, कपडे धुवायच्या टाक्यांपाशी चालायची. वर माझ्या कपाटातल्या कपबशा नाचायच्या. गाणी मात्र आखूड. अंडं उकळायला ठेवावं तर ते कच्चं असतानाच गाणं संपलेलं. एक गाणं माझ्यावर होतं, त्यात ‘पाय पुसून ये’ एवढीच ओळ, ती पुन्हापुन्हा. मला आधी राग आला. मग भांडी घासताना मीच ते म्हणायला लागले.

आता या बँडला वाजवायला जागा कोण देणार? सरकारने मोर्चांवर बंदी घातल्यापासून आपल्याकडे चार पोरं रस्त्यात एकत्र दिसली की पोलिसांना मोर्चाचा वास येतो. शेवटी मी आमच्या महिला मंडळात शब्द टाकला आणि चर्चचा हॉल मिळवला. मंडळाची अट एकच, कार्यक्रम घरगुती मेळाव्यासारखा व्हावा आणि जाहिरातीत नेहमीची ओळ असावी, ‘येताना प्लेट आणावी’, म्हणजे अर्थातच घरच्या खाऊने भरलेली. पोरांनी नाकं मुरडली, पण मी ऐकलं नाही. त्यांनी कवटीचं चित्र काढलं आणि खाली ती ओळ लिहिली. आपल्याकडची पोरं कितीही बिघडली तरी रिकामी प्लेट घेऊन कुणाच्या दारात जाणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि ताई, आली की गं! कानात सेफ्टी पिना, गळ्यात कुत्र्याची साखळी, आणि हातात आईने फडक्याने झाकून दिलेली प्लेट. अंड्याची सँडविचेस काय, खोबऱ्यात घोळवलेले केक काय! एका हिरव्या केसांच्या राक्षसाने मला दारातच बजावलं, ‘काकू, हे आधी संपवा, क्रीम फुटेल.’

तिसऱ्या गाण्याला पोलीस आले. पोरं खिडक्यांतून उड्या टाकून पसार झाली, पुढे लोरेन, मागे मर्विन. वॉरन मात्र गिटार धरून जागच्या जागी उभा राहिला. मी चहाच्या पिंपापाशी. सार्जंट चांगला माणूस वाटला. त्याने कुणावर हात उगारला नाही, फक्त म्हणाला, ‘बाई, हे कोण होते सगळे?’ मी म्हटलं, मला काय माहीत, एकाचं नाव पू, दुसरीचं नाव कत्तल, लिहून घ्या. तो निरुपायाने टेबलाशी आला, सँडविच उचललं, खाल्लं, दुसरं उचललं, आणि रिकामी झालेली प्लेट सहज उलटी केली.

तुला सांगायला नको, ताई. प्लेट परत यायची तर पाठीमागे चिकटपट्टी लावून त्यावर आडनाव लिहायलाच हवं. आपल्या आईनेच शिकवलंय ते. मंडळात नावाशिवाय गेलेली प्लेट परत आली असं कधी झालंय का?

दुसऱ्या दिवसापासून एक कोवळा शिपाई दारोदार फिरला. ‘मॅडम, ही आपलीच का?’ प्रत्येक आईला आनंदच. ‘हो रे बाबा, आमचीच, ये आत, चहा घे.’ चहा संपायच्या आत पोरगं सापडलेलं. लोरेनला तिच्या बापाने घरात कोंडली. मर्विनचे ढोल गेले. सार्जंट क्लॅरीलाही कचेरीत भेटून गेला. त्या संध्याकाळी क्लॅरी वॉरनला म्हणाला, ‘पुरे झाली थेरं.’ मला वाटलं आता पोरगा घर डोक्यावर घेईल. तो मान खाली घालून ‘बरं, बाबा’ म्हणाला, एवढंच.

आता तो विमा कंपनीत जातो. केस कापले, टाय बांधतो. संध्याकाळी येतो, न सांगता पाय पुसतो, जेवतो, ‘आई, जेवण छान होतं’ म्हणतो आणि खोलीत जाऊन दार लावतो. शेजारणी माझं अभिनंदन करतात. मी आभार मानते. ताई, मला भीती वाटते गं.

असो. भाऊजींना नमस्कार सांग.

तुझी,
नोरीन

ता. क. तुमची ती ट्रॅक्टरची जुनी शेड अजून उभी आहे ना? शेजारची वस्ती बरीच लांब आहे, असं तूच म्हणाली होतीस. सहज विचारते.

ता. क. २. सहज नाही. लोरेनच्या बापाला मी सांगितलंय की तुझ्याकडे मुरंबा करायचाय, हात कमी पडतात, पोरगी पाठवा. क्लॅरीलाही मुरंबाच सांगितला आहे. तेव्हा थोडा मुरंबा खरंच कर. मर्विन म्हणतो ढोलांऐवजी रॉकेलचे रिकामे डबे चालतील. गाडी मी चालवेन.

ता. क. ३. वॉरनला यातलं अजून काहीच माहीत नाही. आधी तुझा होकार येऊ दे. नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही, शेड तुमची आहे. पण मग मी विचारलं होतं हे त्याला कधी कळू देऊ नकोस. एकदा त्याने मान खाली घातलेली मी पाहिली, दुसऱ्यांदा मला बघवणार नाही.