अर्धं पदक आणि एकशे बारा दिओतालेवी

बॅरी, व्हरमाँट
सोमवार, १३ मे १९६८

प्रिय एल्विओ,

एकशे बारा माणसं! अरे, बोलावण्याआधी मला एका शब्दाने विचारायचंस तरी. मेळाव्याची तारीख तू ठरवलीस, हॉल तू ठरवलास, आणि रांधायचं कुणी, तर रेनाने. वर आणि पत्रात लिहितोस, "रॅव्हिओली घरचीच हवी, दुकानातली नको." घरची म्हणजे कुणाच्या घरची रे? तुझी बायको अंडं उकडायलासुद्धा पुस्तक उघडते. मी आता पन्नाशी ओलांडलेली आहे, गुडघे बोलतात माझे. एकशे बारा माणसांचं पीठ मळायचं म्हणजे काय ते तुझ्या मोटारींच्या दुकानात बसून कळायचं नाही.

पण पीठ मळेन. त्याबद्दल हे पत्र नाही. तू पाठवलेला तो नकाशा आहे ना, त्याबद्दल आहे. आठ दिवस झाले, स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरलाय. हार्टफर्डच्या वाचनालयात बसून तू देशभरच्या आणि कॅनडाच्याही टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या चाळल्यास, जिथे जिथे आपल्या आडनावाचा दिओतालेवी सापडला तिथे लाल ठिपका काढलास. पेनसिल्व्हेनियात कोळशाच्या खाणींपाशी नऊ घरं. मिनेसोटात लोखंडाच्या खाणींपाशी सात. कॅनडात सडबरीच्या निकेलच्या खाणींपाशी अकरा. कॅन्सस आणि कॅलिफोर्नियातल्या खाणगावांत थोडी, आणि इथे दगडाच्या खाणीपाशी आपण. सगळ्या ठिपक्यांवरून रेघा ओढून इटलीतल्या एका गावात नेल्यास आणि खाली लिहिलंस, 'एकच रक्त, एकाच सरदाराचे वंशज'. काम मन लावून केलंयस, ते मान्य. पण त्या नकाशाकडे बघताना तुला एकदाही प्रश्न पडला नाही का, की सगळे ठिपके खाणींपाशीच कसे? सरदाराची पोरं दोन पिढ्यांत सगळीच्या सगळी जमिनीखाली उतरतात का कुठे?

परवा अदेल्मो आला होता. आठवतो ना? बाबांच्या शेजारच्या बाकावर दगड घडवायचा. आता त्याच्या शेडमध्ये सगळं मशीन करतं. दगडाला रबर चिकटवायचं, नक्षी कापायची आणि वाळूचा फवारा मारायचा, झालं. बाबांच्या कबरीच्या नव्या दगडावर कोरायला तू पाठवलेलं घराण्याचं चिन्ह घेऊन आला. ते सिंहाचं आणि बुरुजाचं, पोस्टाने मागवलेलं. कागद टेबलावर ठेवून म्हणतो, "रेना, हा सिंह सेत्तीमिओच्या डोक्यावर कशाला बसवताय? त्याला मांजरसुद्धा आवडत नसे." मी म्हटलं, "एल्विओला विचार, त्याची हौस." तर म्हणाला, "हौस खरी, पण एकदा फवारा मारला की पुसता येत नाही बरं का. शुक्रवारी चोवीसला रबर चिकटवतोय. काय बोलायचं ते त्याआधी बोला." आणि जाताना दारात थांबून माझ्याकडे असं बघितलं, की मी मान खाली घातली. अदेल्मोला सगळं माहीत आहे, एल्विओ. तीस वर्षं त्याने तोंड उघडलं नाही. मीही नाही. फरक एवढाच, की त्याने बाबांसाठी उघडलं नाही आणि मी माझ्यासाठी.

तर आता ऐक. बसून वाच. माझं अक्षर वाईट आहे, चौथीत शाळा सुटली, तुला ठाऊकच आहे. आई गेली आणि तुझी लाळेरी माझ्या हातात आली.

आपलं नाव सरदाराचं नाही. दिओतालेवी म्हणजे देव तुला वाढवो. ज्यांना आईबापांनी वाढवलं त्यांना असलं नाव कोण देईल? बाबा अनाथालयातले. मेणबत्त्यांच्या सणाच्या आदल्या दिवशी कुणीतरी त्यांना दारात ठेवून गेलं, पांढऱ्या लोकरीच्या कापडात गुंडाळून. त्या साली तिथे जी जी पोरं आली त्या सगळ्यांना तेच आडनाव दिलं. पोरं मोठी झाली, त्यांना जमीन कोण देणार, मुलगी कोण देणार? मग बोटीत बसली आणि जिथे हातांना काम होतं तिथे गेली. हे तुझे लाल ठिपके. रक्ताचं काही नाही त्यात. एका छपराखाली रडलेली पोरं, एवढंच नातं.

आणि ते अर्धं पदक, जे तू किल्ल्यांच्या साखळीत घालून मिरवतोस आणि ज्याचा फोटो तू आमंत्रणावर छापलास, ती सरदाराची खूण नाही. पोर असं सोडावं लागलेल्या आया तेव्हा मेरीमातेचं पदक कापून अर्धं पोराच्या गळ्यात बांधायच्या आणि अर्धं स्वतःकडे ठेवायच्या. कधी दिवस पालटले तर येऊन म्हणता यावं, हे माझं. बाबांच्या तुकड्यावर बाळ आहे आणि आईचा फक्त हात. नीट बघ, दिसेल. बाबा चर्चची पायरी चढत नसत, पाद्री दिसला की रस्ता बदलायचे, पण ते पदक त्यांनी मरेपर्यंत गळ्यातून काढलं नाही.

तू केलंस ना, तेच बाबांनीही केलं होतं. तुझीच चूक. कुठे दिओतालेवी नावाचा माणूस आहे असं कानावर आलं, की त्यांना वाटायचं हा आपला कुणीतरी असेल. रविवारी जेवणं झाली की तुला बाहेर पिटाळायचे, मेणकापड पुसायचे आणि मला लिहायला बसवायचे. "लिही रेना. माननीय दिओतालेवी महाशय, आपण मला ओळखत नाही." मग पदकाचं वर्णन, सणाचा दिवस, लोकरीचं कापड, सगळं. शेवटी दर वेळी तेच, "आणि एल्विओला सांगू नकोस हं, पोरं चिडवतील त्याला." उत्तरं यायची. सगळ्यांची एकच तऱ्हा. मिनेसोटाच्या एकाने लिहिलं होतं, "भल्या माणसा, मीही तिथलाच. तुला तुझी आई सापडली तर माझीही विचार." बाबा ते ऐकून इतके हसले की खोकल्याची उबळ आली, आणि मग त्यांनी ते पत्र घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं.

मग सरदार आला कुठून, असं विचारशील. तो मी आणला. माझं ओरेस्तेशी जमलं तेव्हा गाफुरी मंडळी आपल्याकडे जेवायला आली होती, आठवतंय? तू तेरा वर्षांचा होतास, नवा शर्ट घालून बसला होतास. गाफुरी म्हणजे शेडचे मालक, आणि बाबा त्यांच्याच शेडमध्ये दगडाची धूळ छातीत घेणारे. सासूबाईंनी काटा खाली ठेवला आणि विचारलं, "आणि सेत्तीमिओ, तुमचे वडील काय करायचे?" बाबांनी तोंड उघडायच्या आत मी बोलले. म्हटलं, त्यांची मोठी जमीन होती, जुनं घराणं, साथीच्या तापात सगळे गेले, पदकाचा तुकडा तेवढा उरला. कुठून सुचलं देव जाणे. सासूबाई म्हणाल्या, "वाटतंच हो. बोटं बघा ना, कशी लांबसडक आहेत." सगळे हसले. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. शर्टावरून छातीवर हात ठेवला, जिथे पदक होतं तिथे, आणि ओरेस्तेच्या पेल्यात वाइन ओतली. एका शब्दाने मला खोटं पाडलं नाही रे. आणि तू, तुझे डोळे असे चमकत होते! तेव्हापासून तू सरदाराचा नातू. म्हणून तुला मूर्ख म्हणायला निघाले होते आणि जीभ अडखळली. तुला मूर्ख मी केलं.

इथपर्यंत असतं तर मी शुक्रवार येऊ दिला असता. बसला असता सिंह तर बसला असता. पण पुढे आहे.

लग्नाला तीन आठवडे होते. पेनसिल्व्हेनियातून एक पत्र आलं. दिओतालेवीचं नव्हे, अस्सुंता चेरिओनी नावाच्या बाईचं. बाबांनी तिथल्या एका दिओतालेवीला जे पत्र लिहिलं होतं, ते त्याने बेकरीत पाव घ्यायला आलेल्या चार लोकांना वाचून दाखवलं, आणि त्या चारांत ती होती. सणाचा दिवस तोच. कापड तेच. सोळा वर्षांची होती, घरच्यांनी पोर हिसकावून नेलं, असं लिहिलं होतं. पुढे लग्न झालं, नवऱ्याबरोबर इकडे आली, पाच मुलं झाली. तिला लिहिता येत नव्हतं. पत्र तिच्या धाकट्या मुलीने, दिनाने, लिहिलं होतं. अक्षर माझ्याइतकंच वाईट. "आई म्हणते, एक ओळ आली तरी ती गाडीत बसेल. आई म्हणते, तो मला बाई म्हणाला तरी चालेल."

मी ते पत्र स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं. बाबा कामावर होते. मला काय दिसलं सांगू? आजी दिसली नाही. एक काळ्या रुमालातली खाणमजुराची बायको माझ्या लग्नात गाफुरींच्या पुढे उभी दिसली, आणि सासूबाईंचा खाली ठेवलेला काटा दिसला. मी कागद घेतला आणि उत्तर लिहिलं. लिहिलं, सेत्तीमिओ दिओतालेवी मागच्या महिन्यात छातीच्या दुखण्याने वारले, पुन्हा लिहू नये. बाबांची पत्रं ज्या हाताने लिहायचे त्याच हाताने. मग पोस्टात टाकून आले आणि बाबांसाठी सूप गरम केलं.

लग्न झालं. ऑगस्टात बाबांची छाती पार गेली, त्यांना टेकडीवरच्या दवाखान्यात ठेवलं. दर रविवारी जायचे मी, तुला घेऊन. तू अंगणात थांबायचास. दर रविवारी विचारायचे, "पेनसिल्व्हेनियाचं काही आलं का गं?" आणि मी म्हणायचे, "नाही बाबा." सहा महिने. फेब्रुवारीत गेले. शेवटच्या रविवारी विचारलं नाही. मला वाटतं, त्यांना कळलं होतं. कळलं नव्हतं असंही वाटतं कधी. दोन्हींपैकी कुठलं जास्त वाईट, ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

सासूबाई या जानेवारीत गेल्या, एक्याण्णवाव्या वर्षी. तोवर मी वाट बघितली. हीसुद्धा लाजच आहे, तीही लिहून टाकते. गेल्या मंगळवारी टेलिफोनवाल्या बाईला त्या गावातलं चेरिओनी विचारलं. म्हणाली, दिना चेरिओनी आहे, रस्ता तोच. जोडून दिला तिने. पलीकडून "हॅलो, कोण?" असं आलं. आवाज घोगरा, बाबांचा शर्ट घालून कुणी बोलावं तसा. मी ठेवून दिला. तुझ्या एकशे बारांत ती नाही, एल्विओ. तुझ्या नकाशात त्या रस्त्यावर ठिपका नाही, कारण तू आडनाव शोधलंस. आपली सख्खी आत्या म्हणावी अशी एकच बाई उरली आहे बहुतेक, आणि तिला आपण आमंत्रण पाठवलं नाही.

मेळावा होऊ दे. मी रॅव्हिओली करते, सगळ्यांना पोटभर वाढते. पण त्या दिवशी उभं राहून त्यांना खरं काय ते मी सांगणार. मला वाटतं, त्यांच्याही घरी कुणीतरी असंच गप्प बसलेलं असेल. अदेल्मोला तू स्वतः फोन कर आणि सिंह काढायला सांग. माझ्या सांगण्याने नको. तू मुलगा आहेस, दगड तुझ्या नावावर आहे.

आता शेवटचं, ज्याच्यासाठी हे एवढं खरडलं. माझं ते उत्तर गेल्यावर दहा दिवसांनी पेनसिल्व्हेनियातून एक छोटं पार्सल आलं. चिठ्ठीत दिनाच्या अक्षरात एकच ओळ होती, "आई म्हणते, हे त्याच्या कबरीत त्याच्यापाशी ठेवा." बाबा तेव्हा बाहेर अंगणात टोमॅटोची रोपं लावत होते. बत्तीस वर्षं ते माझ्या बटणांच्या डब्यात आहे. बाबांच्या शवपेटीत ठेवता आलं असतं, पण शेजारी सासूबाई उभ्या होत्या. पाकिटात फ्लॅनेलच्या चिंधीत गुंडाळलंय, फेकू नकोस. तुझ्या किल्ल्यांच्या साखळीतला तुकडा काढ आणि त्याला लावून बघ. माझी कधी हिंमत झाली नाही. बसला, तर शनिवारी पंचवीसला गाडी घेऊन ये आणि मला दिनाच्या दारापर्यंत ने. मला गाडी येत नाही, आणि आली असती तरी त्या दारात मी एकटी उभी राहू शकत नाही. शिव्या द्यायच्या तर वाटेत दे, वाट लांब आहे. पण गप्प बसू नकोस. आपल्या घरात गप्प बसणं पुष्कळ झालं. मला उत्तर गुरुवारी तेवीसला, स्वर्गारोहणाच्या सणाच्या दिवशी, संध्याकाळच्या आत हवं. येतोस की नाही, एवढंच.

तुला पाळण्यापासून वाढवणारी आणि तुझ्याशीच खोटं बोललेली,
तुझीच बहीण
रेना