सरपंचांच्या माडीवरची डिश

टेकवाडी, १२ नोव्हेंबर

प्रिय प्रीतीताई,

सप्रेम जयभीम. रविवारी मुरुमला जाऊन आले. आईचा गुडघा बरा आहे, दादांचं नेहमीचंच. व्हिडिओ कॉल का बंद केलास, असं तू आईला विचारलंस म्हणे. म्हणून हे पत्र.

माझ्या आरोग्य उपकेंद्रावर उपग्रहाच्या इंटरनेटची डिश आली, हे तुला ठाऊक आहे. डोंगरामुळं इथं टॉवरची रेंज येतच नाही. बसवणारा म्हणाला, "हे उपग्रह लई उंचावर नसतात. एक गेला की दुसरा येतो. फक्त वर आभाळ मोकळं पाहिजे." मला वाटलं, आता अडल्यानडल्या बाईला धाराशिवचे डॉक्टर इथंच दिसतील.

आठवड्यातच सरपंच बलभीमरावांनी ती स्वतःच्या माडीवर नेली. "इथं माकडं मोडतील, मॅडम. आमच्याकडं येऊन वापरा की!" असा संताप आला! पण गप्प बसले.

गेल्या मंगळवारी दुपारी गावातला शिवपुत्र बायकोला घेऊन आला. भुवनेश्वरीला आठवा महिना, बीपी भलतंच वाढलेलं, डोळ्यांपुढं अंधारी. डॉक्टरांना विचारायला मी सरपंचांच्या घरी पळाले, तर दाराला कुलूप. सगळे तुळजापूरला गेलेले. शेवटी मिळाली ती जीप केली. वाटेतच तिला झटके आले. ती वाचली. बाळ गेलं.

तेव्हापासून सगळ्यांवर चिडतेय. पण ताई, 'डिश उपकेंद्रात चालू आहे' या कागदावर सही माझी आहे. बलभीमरावांनी कागद पुढं केला, मी केली. सही केली त्याच दुपारी त्यांच्या माडीवर बसून तुझ्याशी तासभर बोलले. "किती स्पष्ट दिसतेस गं!" म्हणाली होतीस.

काल शिवपुत्र आला. हात जोडून म्हणाला, "ताई, तुमी लई पळालात." मला राहवेना. सहीचं सांगून टाकलं. तो जायला उठला. मग म्हणाला, "तिला म्या न्हाय सांगणार. तुमीच सांगा."

आज सांगून आले. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. वळली नाही.

तिथून तशीच तालुक्याला आरोग्य अधिकाऱ्यांकडं गेले. कागद खोटा आहे, सही मी केली आहे, असं लेखी दिलं. साहेबांनी डिश उद्याच परत बसवायला सांगितलंय. उद्या! बाळ गेल्यावर! बलभीमराव दारात येऊन ओरडून गेले, "नोकरी जाईल तुमची!" जाईलही.

आई-दादांना अजून सांगितलेलं नाही. डिश परत बसली की तू समजूत घालायला फोन करशील, म्हणून आधीच लिहिते. यात माझी बाजू घेऊ नकोस.

तुझी,
चैताली