दाखला एकच

७ जुलै १९८६, सोमवार
सकाळच्या टपालात इथल्या शेतकी कॉलेजचं कार्ड. कु. वसुधा हिला प्रवेश मंजूर. १९ तारखेला दुपारी एकच्या आत फी आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला जमा करणे. दुपारच्या टपालात वैद्यकीयचं पाकीट, आमचं दैनिक निघतं त्याच शहरातून. प्रतीक्षायादी, क्रमांक सात. नाव यादीत ठेवायचं असल्यास १५ च्या आत संमतिपत्र पोचवा.
प्रतीक्षेला क्रमांक देतात, हे संस्कृत पाठशाळेत कुणी शिकवलं नव्हतं. चातक बिचारा बिननंबरी.
व. ने दोन्ही कागद वाचले, होते तसे घडी केले आणि मांजराला दूध घालायला गेली. सौ. ने घड्या मोडून पुन्हा वाचले.

८ जुलै
तिसरं आमंत्रण. पश्चिमेकडचं कुठलंसं खासगी इंजिनिअरिंग, व. च्या मैत्रिणीच्या वडिलांनी पत्ता दिला होता. रंगीत माहितीपत्रक, हिरवळ, मधोमध कारंजं. शेवटच्या पानावर देणगी. सौ. ने आकडा वाचला. ''हे कारंजं आपल्याच पैशानं उडायलंय वाटतं.'' माहितीपत्रक आता तेलाच्या बरणीखाली आहे.
दुपारी आडवा झालो. ढगाळ, उजेड ताकासारखा. डोळा लागतो न लागतो तोच घरात तीन वसू. एक पांढऱ्या कोटात खाटांच्या रांगेतून चाललेली. एक ज्वारीत उभी, कणीस डोळ्याशी धरून. तिसरी कारंज्याच्या कडेला, पण तिचा चेहरा काही नीट दिसेना. चौथी, म्हणजे खरी, दारातून म्हणाली, ''बाबा, चहा निवायलाय.''

१० जुलै, गुरुवार
पोखर्णीहून दादा आला. शेत तोच बघतो. सगळे ओसरीवर बसलो, मधे तिन्ही कागद. (तिसरा तेलकट.)
दादा : ''डाक्टरीन झाली तर लय बेस. पण साडेपाच वर्सं हाय रं. खानावळ, हास्टेल, ती हाडं का काय इकत घ्याय लागतेत म्हनं. शेतकी केली तर निदान मला सांगंल तरी, कापसावर काय मारावं ते.''
व. : ''काका, आत्ताच सांगते. आधी तंबाखू सोडा.''
दादा : ''बघ! ही डाक्टरीनच हाय.''
सौ. चं गणित सरळ. शाळेतला तिचा पगार अधिक माझे इंच. दैनिक मला छापून आलेल्या मजकुराच्या इंचांवर पैसे देतं. ''तुमच्या इंचांवर डॉक्टर होत नसतात, बोटभर फोडणी होते.'' खोटं कसं म्हणावं.
दादा जाताना पायरीवर थांबला. वरचं दोन एकर मोडू म्हणाला, पोरीसाठीच तर ठिवलंय. हळू म्हणाला, पण त्याचं हळू गल्लीभर ऐकू येतं. व. माठाजवळ होती. पाणी पिऊन झालेलं, तरी पेला हातात धरून उभी.

११ जुलै
ठरलं ते असं : संमती पाठवून ठेवायची. नाव राहू दे यादीत, शेतकी कुठं पळत नाही १९ पर्यंत.
घरात कागद फक्त दैनिकाचे, माथ्यावर नाव छापलेले. त्यावरच लिहिलं. सोबत चारठाण्याच्या देवळाची शिळा निखळल्याची बातमी. दोन पाकिटं, दोन्ही पिवळी. बातम्या नेहमी एस.टी.नंच जातात, कंडक्टर शेषराव पोचवतात, दोनची गाडी. म्हटलं, पोष्टापेक्षा हेच खात्रीचं.
''शास्त्रीबुवा, आज दोन दोन? काय दंगल झाली का काय?''
''एक बातमी आहे, एक विनंती.''
''माझ्या पिशवीत सगळं सारखंच बघा.''

१४ जुलै, सोमवार
आजचा अंक. पान चार, मधला रकाना. 'परभणीच्या कन्येची वैद्यकीय अभ्यासक्रमासाठी निवड'. खाली माझं नाव, तिचं नाव, 'आमच्या वार्ताहराच्या सुविद्य कन्या'.
तीनदा वाचलं. मग कळलं. पाकिटं बदलली. पत्ते मीच घातले, चिकटवलीही मीच. संमती दैनिकाकडे गेली, चारठाण्याची शिळा वैद्यकीयकडे. 'यादीत सातवे नाव आहे' हे वाक्य उपसंपादकाला लांब वाटलं असणार. त्यानं 'सातवे' काढलं आणि बाकी सगळं खरं करून टाकलं.
सकाळपासून माणसं. शेजारच्या काकूंनी पेढे आणले, सौ. च्या शाळेनं नारळ पाठवला. सौ. कुणाला काय सांगणार. प्रत्येकाला, ''अजून नक्की नाही हो.'' प्रत्येकजण तो विनय समजतो. शेतकीच्या कचेरीत कुणी म्हणालं म्हणे, ती मुलगी तर डॉक्टरीला गेली ना?
पट्टी लावून पाहिली. अडीच इंच. याचेही पैसे मिळणार.
व. दिवसभर आतच. दुपारी अंक शोधला, तर पान चारला खिडकी. कात्रीनं नीट कापलेली. कुणी कापली ते विचारलं नाही. उद्या शेवटची तारीख.

१५ जुलै
पहाटेची गाडी. शहराच्या अलीकडे थांबली ती थांबलीच. पुढे विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा. उतरून चालत निघालो. मोर्चात पुढे व. च्याच वयाची पोरंपोरी, आवाज बसलेले, तरी देत होती घोषणा. एकीनं पाण्यासाठी हात पुढे केला, माझी बाटली दिली. बातमीदार असून एक ओळ टिपली नाही. खिशात फक्त रात्री पुन्हा लिहिलेलं संमतिपत्र, दर दहा पावलांनी चाचपत होतो.
कचेरीत पोचलो तेव्हा आवक बंद झालेली. कारकून म्हातारे, कानाला लोकरीची टोपी, जुलैत. म्हणाले, आता शिक्का उद्याचाच पडणार. सगळं सांगितलं. ते उठले, फाइल काढली. ''मग हे तुमचं का? शिळा पडली ती?'' बारा तारखेचा शिक्का, आवक क्रमांक, प्रेषक मी. देवळाची बातमी वेळेत दाखल झालेली होती.
''आम्ही दोघातिघांनी वाचलं. एवढं जुनं देऊळ, वाईट झालं.'' मग चष्म्यावरून बघत, ''वहीत फक्त पाकीट आल्याचं लिहितात बुवा. आत काय होतं ते लिहीत नाहीत.'' संमतिपत्र त्या क्रमांकाखाली टाचलं, शिळा मला परत दिली. हे बरोबर की चूक, याला जन्मभराचं संस्कृत पुरलं नाही. नमस्कार केला.
निघताना म्हणाले, वरचे चौघं दुसरीकडे गेले. तुमची मुलगी आता तिसरी. रिकाम्या जागा सोमवारी सकाळी हजर असतील त्यांच्यातून भरणार, दाखला हातात पाहिजे. जागा किती? ''सोमवारी कळेल.''

१६ जुलै
गाडीत बसून रात्र काढल्यानं दिवसभर गुंगी. झोपेत बस, बसमध्ये ओसरी. ओसरीवर दादा ज्वारी पेरत होता.
संध्याकाळी परत कागद मांडले. दाखला एकच. शनिवारी शेतकीला दिला तर सोमवारी हात रिकामे. परत मिळायला आठ दिवस, फी गेली ती गेलीच. नाही दिला आणि सोमवारी जागा एकच निघाली, तर दोन्ही गेलं, वर्ष गेलं. वर ते अडीच इंच, गावभर.

१८ जुलै, शुक्रवार
आज भांडण. म्हणजे सौ. बोलली, मी ऐकलं. ''गावातली मिळालेली जागा सोडून तिसऱ्या नंबरवर पोरीला घेऊन जायलायत. जागा नाही निघाली तर ती तोंड कुठं दाखवील?'' मी म्हटलं, कात्रण कुणी कापलं ते पाहिलंस का? म्हणाली, ''पाहिलं. म्हणून तर भीती वाटते.''
जेवताना व. ला विचारलं. पहिल्यांदाच, खरं तर. अकरा दिवस तिच्याविषयी बोललो, तिच्याशी नाही.
भाकरी मोडत म्हणाली, ''काकांचं दोन एकर कुणी मोडायचं नाही. हे आधी.''
''बरं.''
''आणि मला काय पाहिजे ते विचारू नका. सांगितलं तर तुम्ही दोघं तेच कराल, आणि उद्या काही झालं तर आयुष्यभर स्वतःला बोल लावाल. दाखला माझ्याकडे द्या.''
सौ. नं माझ्याकडे पाहिलं. मी पेटी उघडली.
''पाकिटात नका घालू, बाबा. तसाच द्या.''
हसलो तिघंही. सौ. जरा उशिरा.

१९ जुलै, शनिवार
व. अकराला सायकलवरून गेली. फी तिच्या आईनं रुमालात बांधून दिली, म्हणाली, ''द्यायची का परत आणायची, तुझं तू बघ.'' मी म्हटलं, येऊ का? ''कशाला? तिथं बातमी नाही काही.''
मी ओसरीवर. ऊन नाही, सावलीही नाही, सगळं मऊ. लिंबाखाली शेळी उभ्यानं झोपलीय. मनात तिला दोनदा फीच्या खिडकीशी नेलं, दोनदा खिडकीपासून परत आणलं. दोन्ही वेळा तिची पाठच दिसली.
साडेबारा. सौ. नं तेच तांदूळ तिसऱ्यांदा निवडायला घेतलेत.
एक.
एक वाजून दहा. खिडकी बंद झाली असणार.
एक वाजून वीस. वळणावर दिसली. सायकलवरून उतरलीय, हातात धरून चालत येतेय, घाई नाही. दुसऱ्या हातात कागद. शेतकीची पावती गुलाबी असते म्हणतात, दाखला पांढरा. माझ्या चष्म्याला इथून रंग कळत नाही. सौ. ला कळला असावा. सूप बाजूला ठेवून ती उठली, एकदा दाराची चौकट धरली, आणि मला काही न सांगता पायऱ्या उतरून तिला सामोरी गेली.